वाईकोपू ओढ्यातील पांढऱ्या खांबास संमती मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
संसाधन संमती व देखरेख विभाग,
हौताई प्रादेशिक परिषद,
हौताई.

विषय : वाईकोपू ओढ्याच्या पात्रात अर्जदाराने विनापरवाना रोवलेल्या एका लाकडी खांबास रीतसर संसाधन संमती मिळणेबाबत, व त्या अनुषंगाने ओढ्याचे पाणी योग्य जागी तपासले जाणेबाबत.

संदर्भ : १) लोअर फ्लॅट लोकर धुलाई कंपनीस सांडपाणी ओढ्यात सोडण्यासाठी आपण दिलेली संमती, अट क्र. ७.
२) खांब काढून टाकण्याविषयीची आपली नोटीस, दि. २० जानेवारी २०२५.
३) आपल्या विभागातील श्री. ॲलिस्टर प्रिंगल यांनी अर्जदाराच्या घरी येऊन केलेले बोलणे, दि. १९ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

अर्जदार कुइनी रापाना, वय ७१ वर्षे, राहणार वाईकोपू ओढ्याचा उजवा काठ, आमच्या कुळाच्या माराएला, म्हणजे सभा व पंगतीच्या सामाईक जागेला, लागून असलेले घर, माराएच्या स्वयंपाकघराची जबाबदारी गेली छत्तीस वर्षे सांभाळणारी, आपणांस सविनय कळवते की हा तिचा आपल्या कार्यालयाकडे पाचवा अर्ज आहे. आधीचे चार संगणकावरून पाठवले होते. चारही अर्जांना एकच उत्तर आले, आणि तेही त्याच मिनिटाला, की आपले म्हणणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. ते वाचून अर्जदारास बरे वाटले व त्यानंतर काहीही झाले नाही. सबब हा अर्ज हाताने लिहून टपालाने पाठवत आहे. लिहिता लिहिता अर्जदार तीनदा उठून ओढा बघून आली आहे, त्यामुळे मजकूर कुठे तुटल्यासारखा वाटल्यास क्षमा असावी.

१. प्रथम घाई कशाची ते सांगते. अर्जदाराचे पती कै. तेओती रापाना गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वारले. आमच्यात वर्षभराने थडग्यावर दगड उभा करतात व सगळ्या आप्तांसमोर त्यावरचे कापड काढतात. तो विधी शनिवार दि. १९ एप्रिल रोजी आहे. अडीचशे माणूस येणार. त्यात तेओतीच्या आईकडचे किनाऱ्यावरचे लोक आहेत, आणि त्यांना कुठल्या माराएवर ताटात काय पडले हे तीन पिढ्या लक्षात राहते. आमच्या माराएची ओळख वाम माशामुळे आहे. माराएखालच्या डोहातली वाम पकडायची, आठवडाभर पेटीत वाहत्या पाण्यात ठेवायची, मीठ लावून मानुकाच्या लाकडाच्या धुरावर पिकवायची आणि पाहुण्यांपुढे ठेवायची, ही आमची रीत. त्या दिवशी दुकानातली कोंबडी वाढली तर कोणी काही बोलणार नाही. न बोलणे हेच वाईट असते, ते महोदयांच्या घरीही असेलच.

ती वाम माणसाने खाण्यालायक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. ते ठाऊक असणे हे आपल्या विभागाचे काम आहे. या अर्जाचा गाभा एवढाच. पुढची पाने केवळ ते काम का होत नाही याची हकीकत आहेत.

२. लोकर धुलाई कारखान्याचा सांडपाण्याचा पाइप आमच्या डोहाच्या दोनशे पावले वर ओढ्यात उघडतो. कारखाना परिषदेच्या संमतीने चालतो व अर्जदाराची त्यास हरकत नव्हती. आमच्या कुळातील नऊ माणसे तिथे कामाला आहेत. संमतीच्या अट क्र. ७ मध्ये असे म्हटले आहे की दरमहा पाण्याचे दोन नमुने घ्यावेत. एक पाइपच्या वर, पंपघराजवळ. दुसरा पाइपच्या खाली, "वाईकोपू पुलाजवळ". दोहोंची तुलना करून कारखान्यामुळे पाणी किती बिघडते ते पाहावे. अट चांगली आहे. ज्याने लिहिली त्याने ओढा पाहिला होता.

३. सप्टेंबर २०१९ च्या पुरात वाईकोपू पूल वाहून गेला. जानेवारी २०२० मध्ये नवा पूल बांधला, तो जुन्या जागी नव्हे, तर सहाशे मीटर वर, जिथे रस्ता सरळ येतो. नाव तेच ठेवले. आपल्या कार्यालयाच्या नकाशावर नमुन्याच्या जागेचा ठिपका "वाईकोपू पूल" या नावाला बांधलेला होता. पूल वर गेला तसा ठिपकाही इमानदारीने त्याच्या मागे वर गेला. पाइप मात्र कोणी हलवला नाही.

याचा अर्थ महोदयांच्या लक्षात आलाच असेल, तरी लिहून ठेवते, कारण आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही. "पाइपच्या खालचा" म्हणून जो नमुना आपण घेता तो पाइपच्या वरचा आहे. पंपघर आणि नवा पूल यांच्यात चाळीस पावलांचे अंतर आहे. गुडघा दुखत असूनही मी दोनदा मोजले. दोन्ही बाटल्या एकाच स्वच्छ पाण्याने भरतात. त्यानंतर परिषदेचा वार्षिक अहवाल म्हणतो की वरच्या व खालच्या नमुन्यांत मोजण्याजोगा कोणताही फरक आढळला नाही, कारखान्याकडून अटींचे पूर्ण पालन होत आहे, शेरा उत्कृष्ट. लागोपाठ पाच वर्षे उत्कृष्ट. माझ्या नातवंडांना शाळेत असे गुण कधी मिळाले नाहीत.

इकडे खालच्या डोहातली वाम निम्म्याने कमी झाली. जी मिळते तिला ओल्या लोकरीचा वास येतो. उकडली की पातेल्याच्या कडेला मेणासारखा थर धरतो, तो गरम पाण्यानेही निघत नाही, सुरीने खरवडावा लागतो.

४. नोव्हेंबरात अर्जदाराने परिषदेस दूरध्वनी केला. तिसऱ्या दिवशी एक तरुण अधिकारी बाई आल्या. मुलगी गुणी होती, चहाला नाही म्हणाली नाही. नव्या पुलावर उभे राहून तिने पाणी हुंगले आणि म्हणाली, "आंटी, इथं तर काहीच वास नाही. छान पाणी आहे की!"

मी म्हटले, "इथं छानच असणार गं. पाइप खाली आहे. चल, दाखवते."

तिने हातातली संगणकाची पाटी माझ्यासमोर धरली. "पण माझा ठिपका इथंच दाखवतोय. खाली गेले तर नोंदच घेत नाही हे. लाल होतं बघा."

मी तिला म्हटले की बाळा, ओढा काही त्या पाटीत वाहत नाही. ती हसली, मग तिचा चेहरा पडला, आणि "मला वर विचारावं लागेल" असे म्हणून ती गेली. तिची तक्रार नाही. तक्रार निकाली काढल्याचे पत्र मात्र मला डिसेंबरात आले: जागेवर पाहणी केली, दुर्गंधी आढळली नाही.

५. ठिपका खाली आणावा अशी विनंती केली असता कळवण्यात आले की ठिपका हा अटीचा भाग आहे, आणि अट बदलून मागण्याचा अधिकार फक्त संमतीधारकास, म्हणजे कारखान्यास आहे. परिषद स्वतःहून अटींचा फेरविचार जून २०३१ मध्ये करील. अर्जदार कारखान्याच्या व्यवस्थापकांना भेटली. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "आंटी, तुम्हीच सांगा, परिषद म्हणतेय माझं सगळं उत्कृष्ट आहे. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू की नाही हो, जरा खाली येऊन बघा?" निघताना त्यांनी लोकरी मोज्यांचे दोन जोड दिले. मोजे उबदार आहेत. अर्जदाराचा राग त्यामुळे वाढला.

६. आता खांबाविषयी. दि. १६ जानेवारी रोजी अर्जदाराने जुना पूल जिथे होता, नेमक्या त्या जागी, ओढ्याच्या पात्रात कुंपणाचा एक खांब रोवला व त्यास पांढरा रंग दिला. हेतू इतकाच की नमुना घेणाऱ्याला तो लांबून दिसावा आणि त्याला लाज वाटून तरी त्याने खाली यावे. कबूल करते की परवानगी घेतली नव्हती. पात्रात कोणतेही बांधकाम करण्यास संमती लागते हे मला ठाऊक होते. ते मला कसे ठाऊक होते हे पुढे येईलच.

पाच वर्षांत आपल्या विभागाचा एक माणूस त्या जागेपर्यंत आला नाही. खांब रोवल्यावर चौथ्या दिवशी दोघे आले. नोटीस मिळाली. त्यानंतर आणखी तीन पाहण्या झाल्या. खांबाची उंची एक मीटर चाळीस, जाडी बारा सेंटिमीटर, झुकाव डावीकडे चार अंश, अशी नोंद आहे व चारी बाजूंनी छायाचित्रे आहेत. इतक्या बारकाईने माझ्याकडे लग्नातही कोणी पाहिले नव्हते. मी त्या दोघांना विचारले, "एवढं खाली आलाच आहात तर एक बाटली पाणी पण भरून न्या ना!" त्यातला वयस्क म्हणाला, "आंटी, आम्ही खांबाचे. पाण्याचे वेगळे असतात."

खांब ठेवायचा असल्यास संमतीसाठी अर्ज करावा, सोबत त्या खांबाचा मासे, पक्षी, पुराचा प्रवाह, पाण्याची गुणवत्ता व परिसराचे सौंदर्य यांवर होणारा परिणाम लिहून द्यावा, आणि बाधित स्थानिक कुळाचा अभिप्राय जोडावा, असे नोटिशीत म्हटले आहे. त्यानुसार सर्व केले. माराए समितीची चिटणीस मीच असल्याने अभिप्रायासाठी मी स्वतःला पत्र लिहिले व चिटणीस या नात्याने मुदतीत उत्तर दिले. कुळाची खांबास हरकत नाही.

७. यापुढचे लिहिण्यापूर्वी अर्जदार पुन्हा ओढ्यावर जाऊन आली. आता लिहिते.

जानेवारीच्या अखेरीस मी माहिती मागण्याच्या कायद्याखाली जुन्या नमुन्यांचे कागद मागवले. मला त्या माणसाचे नाव हवे होते जो दरमहा पाइपच्या वर उभा राहून बाटलीवर "पाइपच्या खाली" असे लिहीत होता. मला त्याच्या तोंडावर दोन शब्द बोलायचे होते. जानेवारी २०२० ते नोव्हेंबर २०२३ चे सत्तेचाळीस कागद आले. अक्षर मी पाकिटातून कागद पुरता निघण्याआधीच ओळखले. सत्तेचाळीसही कागदांवर सही टी. रापाना.

महोदय, माझे पती आपल्या विभागाचे नमुने घेत हे मला अर्थातच ठाऊक होते. हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आमच्या कुळातून परिषदेचा हिरवा कोट मिळालेला तो पहिला माणूस. तो कोट घालून तो चर्चलाही गेलेला आहे. संमतीचे नियम मी त्याच्याकडूनच ऐकले. पण तो कुठल्या ओढ्यावर कुठे उभा राहतो हे मी कधी विचारले नाही. नवरा कामाला जातो, डबा घेऊन जातो, परत येतो. नमुन्यांच्या कामात आपला माणूस आहे म्हणजे आमचे पाणी नीट आहे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. माराएच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की लोक म्हणत, "तेओती बघतो ना ते!" आणि विषय मिटे.

त्या कागदांत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. पूल वर गेला, पाइप खाली राहिला, एवढे लिहायला जागा होती. सत्तेचाळीस वेळा तो रकाना कोरा आहे.

त्याला कळलेच नसेल, असे मी स्वतःला चार दिवस सांगितले. पाचव्या दिवशी जे आठवले ते लपवून हा अर्ज पुरा होणार नाही. जानेवारी २०२० नंतर तेओती वामीसाठी खालच्या डोहात गेला नाही. त्याने आपला सापळा उचलून नव्या पुलाच्याही वर, वळणावर नेला. मी विचारले तर म्हणाला, "गुडघे दुखतात, तिकडं उतार बरा आहे." वळणावरचा उतार डोहापेक्षा अवघड आहे, हे ओढ्यावर राहणाऱ्या कोणालाही कळते. मलाही तेव्हा कळायला हवे होते. आमच्या घरात चार वर्षे वरच्या पाण्यातली वाम शिजली. माराएत, पाहुण्यांच्या ताटात, कुळातल्या वडीलधाऱ्या फेतूकाकांच्या ताटात, पोराबाळांच्या ताटात खालची. खालची मी स्वतः वाढत होते.

त्याने असे का केले, ते मी अंदाजानेच सांगू शकते. कोट जाईल ही भीती असेल. साहेबांच्या कागदात चूक काढायची सवय आमच्या पिढीला नाही, तेही असेल. तो वाईट माणूस नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला आहे आणि तो राग घेऊन मी त्याच्या दगडासाठी फुले सांगून ठेवायला गेले, एवढे आपणांस कळावे.

८. दि. १९ फेब्रुवारी रोजी श्री. प्रिंगल घरी आले. वीस वर्षे त्यांनी व तेओतीने एका गाडीतून काम केले आहे. त्याच्या अंत्यविधीला तीन दिवस ते आमच्या माराएवर भांडी घासत होते. माझ्या हातचा बटाट्याच्या आंबवणाचा पाव त्यांना आवडतो, तो त्यांनी त्या दिवशी खाल्ला नाही. म्हणाले, "आंटी, ठिपका चुकलाय. मी तोंडी मान्य करतो, लेखी मागू नका."

मी म्हटले, "लेखी का नको?"

"लेखी दिलं की ते सत्तेचाळीस नमुने रद्द धरावे लागतील. चौकशी बसेल. कागदांवर सही कुणाची आहे, तुम्ही पाहिलंय. वर्तमानपत्रात कारखान्याचं नाव शेवटी येईल, आधी त्याचं येईल. दगडावरचं कापड अजून निघालं नाही हो. आताच कशाला? खांब काढून टाका, २०३१ ला आपण गुपचूप नीट करून घेऊ."

ते मनापासून बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मी दार लावून घेतले आणि त्यानंतर बारा दिवस हे पत्र लिहिले नाही. या बारा दिवसांत माझा पाय घरात ठरलेला नाही. स्वयंपाकघरात पोरी विचारतात, "आंटी, सापळे कधी लावायचे?" आणि मी काहीतरी कारण सांगते. माराएखालीच डोह आहे, त्यात मासे आहेत, आणि मला माझ्याच घरात खोटे बोलावे लागते. तेओतीची चार वर्षे कशी गेली असतील ते आता थोडे कळते.

अखेर मी फेतूकाकांकडे गेले. ते आमच्या कुळातले सर्वांत वडील, वय अठ्ठ्याऐंशी. सगळे सांगितले. ते काठीची मूठ चोळत म्हणाले, "मी पण खाल्ली म्हणायची ती." मग म्हणाले, "पोरी, त्याला जे बोलायचंय ते दगडापुढं उभी राहून बोल. मेलेल्या माणसाला तोंडावर बोलायची आपल्याकडं तेवढी सोय आहे. त्या दिवशी बोललीस तर भांडण, नंतर बोललीस तर चुगली."

९. वरील सर्व बाबींचा विचार करून अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे.

(अ) सदर खांबास संमती द्यावी. खांबाचा पाण्याच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो हे तपासणे आपल्याच नोटिशीनुसार आवश्यक आहे, आणि तो परिणाम खांबापाशीच तपासता येईल, सहाशे मीटर वर नव्हे. सबब संमतीत अशी अट घालावी की परिषदेने दरमहा खांबाजवळच्या पाण्याचा नमुना घ्यावा व निकाल जाहीर करावा. ही अट संमतीधारकास, म्हणजे मला, मान्य आहे. संमतीधारकाने मागितल्याशिवाय अट बदलता येत नाही असा आपला नियम असल्याने, मी जिवंत आहे तोवर ती बदलली जाणार नाही याची हमी देते.

(ब) पहिला नमुना ४ एप्रिलपूर्वी घ्यावा. वाम पकडून, पेटीत ठेवून, धुरावर धरायला दोन आठवडे लागतात. मासे सरकारी मुदतीप्रमाणे पिकत नाहीत.

(क) जानेवारी २०२० पासूनचे "पाइपच्या खालचे" सर्व नमुने रद्द करावेत, टी. रापाना यांच्या सहीचे सत्तेचाळीस धरून. कुटुंबाची त्यास हरकत नाही. कुटुंब म्हणजे मी. मुलांना मी २३ फेब्रुवारीच्या रविवारी सांगितले. थोरला चिडून निघून गेला, तिसऱ्या दिवशी येऊन खांबाचा झुकाव सरळ करून गेला. आपल्या नोंदीत चार अंश आहेत, ते आता दुरुस्त करून घ्यावेत.

(ड) श्री. प्रिंगल यांच्यावर या अर्जामुळे कोणतीही कारवाई होऊ नये. ते मित्र म्हणून आले होते. मित्राने चुकीचा सल्ला दिला, एवढाच त्यांचा दोष.

विधी सकाळी अकरा वाजता आहे. महोदयांनी व विभागातील सर्वांनी यावे, खांबवाल्यांनी व पाण्यावाल्यांनीही. आमच्याकडे आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तोवर आपले उत्तर आले आणि पाणी चांगले निघाले, तर मी तेओतीला तसे सांगेन आणि वाम वाढीन. पाणी वाईट निघाले, तर तेही सांगेन आणि कोंबडी वाढीन. पण उत्तर आलेच नाही, तर मी दगडापुढे उभी राहून सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणेन की तेओती, तुला माहीत होते आणि तू गप्प बसलास. आणि हे साहेब लोक, त्यांनाही माहीत आहे.

त्याच्याशेजारी आपले नाव घ्यायची वेळ माझ्यावर येऊ नये, ही हात जोडून विनंती.

उत्तराची वाट पाहणारी, आपली विश्वासू,

कुइनी रापाना
(सही)

वाईकोपू, दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) खांबाचा परिणाम-अहवाल, तीन पाने.
२) बाधित कुळाचे हरकत नसल्याचे पत्र, मूळ प्रत; तसेच ते मागणारे पत्र.
३) जुना पूल, नवा पूल, पंपघर, पाइप व डोह यांचा हाताने काढलेला नकाशा. उत्तर दिशा वर आहे, ओढा वरून खाली वाहतो.
४) नमुन्यांचे सत्तेचाळीस कागद, छायाप्रती. मूळ प्रती आपल्याकडे आहेत, त्या कृपया जपून ठेवाव्यात.